थर बसेपर्यंत

"हेमाताई, फ्रीजमधला एक कप्पा मला द्याल का? संध्याकाळपर्यंतच."

वैजू दारात उभी होती. एका हातात सायीचा स्टीलचा डबा, दुसऱ्या हातात स्ट्रॉबेरीची पुठ्ठ्याची पेटी. खांद्याला लावलेल्या पिशवीत बेकरीतला साधा स्पंज केक, चार केळी, काळी द्राक्षं आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली चॉकलेटची जाड वडी. पोवई नाक्यापासून ऊन डोक्यावर घेत चालत आली होती. चेहरा लालबुंद झाला होता, पण डोळे हसत होते.

"एक कप्पा कशाला, अख्खा फ्रीज घे," मी म्हटलं. "बेत तरी काय आहे?"

"सांगते. आधी बर्फ किती आहे ते बघू द्या."

ही गोष्ट चौऱ्याण्णव सालच्या फेब्रुवारीतली. आम्ही साताऱ्यात गोडोलीला राहायचो, दुसऱ्या मजल्यावर. समोरच्या दोन खोल्यांत वैजू आणि तिचा नवरा श्रीरंग भोईटे. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. श्रीरंग एका औषधाच्या कंपनीत एमआर होता. सोमवारी सकाळी मोटरसायकलवरून बाहेर पडायचा, कराड, सांगली, कोल्हापूर करत शुक्रवारी संध्याकाळी परत यायचा. आठवडाभर ती एकटी. माझी मुलगी त्याच वर्षी पुण्याला शिकायला गेली होती, हे दिवसभर बँकेत. त्यामुळे वैजूचा निम्मा दिवस आमच्याकडेच जायचा. मजल्यावरचा एकुलता एक फोन आणि एकुलता एक फ्रीज आमच्याकडे होता, हेही एक कारण होतं. पण खरं सांगायचं तर मला तिची सवय झाली होती.

तिनं ब्लाउजच्या बाहीत खोचलेली चिठ्ठी काढून ओट्यावर पसरली. दातांच्या डॉक्टरकडे वाट बघत बसली असताना एका मासिकातून तिनं घाईघाईत उतरवून घेतलं होतं. तळाला केकचे काप. त्यावर संत्र्याचा रस. मग फळं, मग चॉकलेटचं क्रीम, पुन्हा केक, पुन्हा फळं, वर पांढरं क्रीम. काचेच्या भांड्यात करायचं, म्हणजे बाहेरून सगळे थर दिसतात. मग तीन तास गार करत ठेवायचं.

"काचेचं भांडं आहे ना तुमच्याकडे? ते खोल, माळ्यावरचं?"

"आहे. पण आज काय आहे एवढं?"

ती केळ्याचं देठ खुडत म्हणाली, "रविवारी ह्यांचे मित्र आले होते ना जेवायला. मी शिरा केला होता. तर सगळ्यांसमोर म्हणाले, आमच्या हिला गोडात शिऱ्याच्या पुढे काही येत नाही, माणूस मेला तरी शिरा आणि जन्मला तरी शिरा. सगळे हसले."

"अगं, गमतीनं म्हणाला असेल."

"गमतीनंच म्हणाले. पण मला लागलं ते. रात्रभर बोलले नाही. सोमवारी निघाले तेव्हा म्हणाले, जातो गं. नेहमी मी म्हणते, जातो नाही, येतो म्हणा. त्या दिवशी मी आतून बाहेरसुद्धा आले नाही. चटणी वाटत बसले. दोन मिनिटं थांबले दारात. मग गाडी सुरू झालेली ऐकली मी."

"आणि आता पाच दिवस पश्चात्ताप."

"पाच दिवस झोप नाही हो," ती म्हणाली आणि हसली. "म्हणून हे. संध्याकाळी आले की बोलायचं काहीच नाही. फक्त भांडं पुढ्यात ठेवायचं."

मी माळ्यावरून भांडं काढलं. ती धुऊन पुसायला बसली. तेवढ्यात बाहेरच्या खोलीत फोन वाजला. बारा वाजून गेले होते.

फोन श्रीरंगच्या मोठ्या भावाचा होता, जयवंतरावांचा. ते कराडला राहायचे. आवाज इतका हळू होता की आधी मला ओळखूच आला नाही.

"पाटणकरवहिनी, वैजू जवळ आहे का?"

"स्वयंपाकघरात आहे. बोलावू?"

"नको, नको! बोलावू नका. नीट ऐका. श्रीरंगला अपघात झालाय. सकाळीच साताऱ्याला यायला निघाला होता. उंब्रजच्या अलीकडे उसाच्या ट्रॉलीवर मागून गेला. पोटाला मार आहे. इथं दवाखान्यात आणलाय. शुद्धीवर आहे, बोलतोय."

"मी तिला पाठवते लगेच. एसटी आहे दर अर्ध्या तासानं."

"एकटीला एसटीनं? वाटेत काही झालं तिला तर? मी जीप पाठवतोय, दीडपर्यंत येईल. तोवर तिला काही कळू देऊ नका. जीप आली की तुम्हीच बरोबर या, वाटेत हळूहळू सांगा. वहिनी, एवढं करा माझ्यासाठी."

फोन ठेवला. तिथूनच ह्यांना बँकेत फोन लावला. ऐकून ह्यांनी आधी फोन कुणाचा होता ते विचारलं. मग म्हणाले, "सख्खा मोठा भाऊ आहे त्याचा. तो सांगतो तसं कर. आपण मध्ये शहाणपणा करायला नको."

मी स्वयंपाकघरात आले.

"कुणाचा होता?" वैजूनं विचारलं.

"ह्यांचा. बँकेतून."

"एवढा वेळ?"

"काहीतरी कागद शोधायला सांगत होते."

तिनं मान डोलावली आणि केकचे काप करायला घेतले. मी स्टुलावर बसले. घड्याळ तिच्या पाठीशी होतं, माझ्या समोर. सव्वाबारा. मनात म्हटलं, सव्वा तासाचा तर प्रश्न आहे. जीप येईल, चार बायकामाणसांत सांगू, सावरू तिला.

"तुम्ही क्रीम फेटा," ती म्हणाली. "बर्फावर ठेवून फेटायचं असं लिहिलंय. मी चॉकलेट बघते."

तिनं पातेल्यात पाणी उकळत ठेवलं, वर दुसरं भांडं बसवलं, वडीचे तुकडे त्यात टाकले. चॉकलेट कडेकडेनं मऊ पडायला लागलं, तशी ती लहान मुलीसारखी वाकून बघत राहिली. मी हाताचा बीटर फिरवत होते. साय घट्ट व्हायला लागली. मला आठवतं, ती नीट घट्ट होतेय याचं मला त्या क्षणी बरं वाटलं. हातांना काम होतं आणि त्यांच्याकडे बघता येत होतं.

"हेमाताई, तुम्ही गप्प का?"

"डोकं दुखतंय जरा."

"मग राहू दे. मी करते."

"नको. बरं वाटतंय असं काही करताना."

एक वाजला. दीड वाजला. पायऱ्यांवर कुणाचीही चाहूल लागली की मी उठून दाराशी जायची. एकदा टपालवाला आला, एकदा खालच्या मजल्यावरच्या बाई विरजण मागायला आल्या. जीप नव्हती.

वैजूनं तळाला केकचे काप लावले. संत्र्याचा रस चमच्यानं घातला. मग केळ्याच्या चकत्या काचेला चिकटवून उभ्या लावत गेली, एकेक, अंतर मोजून. मध्येच थांबली.

"काय वाटतं सांगू? असं वाटतं हे सगळं टाकावं आणि आत्ता उठून एसटी पकडावी. आज ते कराडातच असतात. दीड तास तर लागतो. एखाद्या दवाखान्याबाहेर उभं राहायचं. बॅग घेऊन बाहेर आले की समोर मी. काय तोंड होईल ना त्यांचं?"

माझा बीटर थांबला.

"जाऊ का हो?" ती हसत म्हणाली.

"वेडी आहेस का?" मी म्हटलं. "कुठं शोधणार तू त्याला? आणि हे कोण पुरं करणार?"

"तेही खरंच." तिनं पुढची चकती लावली.

पावणेदोनला पुन्हा फोन वाजला. मी धावतच गेले. या वेळी जयवंतरावांची बायको होती, शालन.

"वहिनी, निघालात का तुम्ही? म्हणजे गाडी आली का?"

"गाडी आलीच नाही अजून!"

"अगं बाई. रक्ताच्या बाटल्या आणायला ती आधी दुसरीकडे पाठवली होती. तिकडून परस्पर येणार होती साताऱ्याला. येईलच आता." तिचा आवाज फुटला. "भावजी सारखे विचारताहेत. दर दोन मिनिटांनी. वैजू आली का, वैजू आली का. डॉक्टर म्हणतात बोलू नका, पण ऐकत नाहीत."

"मी तिला एसटीत बसवू का? मी स्वतः घेऊन येते."

"आता? आणि गाडी तिकडे येऊन थांबली म्हणजे? थांबा थोडं. अर्ध्या तासात येईलच."

तिनं फोन ठेवला. मी तिथंच उभी राहिले. एसटी स्टँड रिक्षानं दहा मिनिटांवर होता. दोनची गाडी मिळाली असती. जीपवाल्यासाठी दारावर चिठ्ठी लावता आली असती. एवढं सगळं मला त्या वेळी, तिथं उभी असताना, स्वच्छ दिसत होतं. ते नंतर सुचलं असं मी आजवर लोकांना सांगत आले. ते खोटं आहे.

मी आत आले. वैजू स्ट्रॉबेरी चिरत होती. प्रत्येकीचे उभे दोन भाग करून, कापलेली बाजू काचेकडे.

"बघा तरी कसं दिसतंय," ती म्हणाली.

मी तोंड उघडलं. 'वैजू' एवढं म्हटलंसुद्धा.

"काय हो?"

तिनं मान वर केली. गालाला चॉकलेट लागलं होतं. मला वाटलं, आत्ता सांगितलं तर ही इथंच, ह्या ओट्यापाशी कोसळेल आणि घरात मी एकटी. मग हिला कसं सावरू, कुठं धरू, काय बोलू? दुसऱ्या कुणीतरी सांगावं ते. जयवंतरावांनी सांगावं, ड्रायव्हरनं सांगावं, कुणीही सांगावं. माझ्या तोंडून नको.

"चॉकलेट लागलंय गालाला," मी म्हटलं.

मग आम्ही पुढचे थर लावले. चॉकलेटमध्ये फेटलेली साय मिसळली, तिचा रंग मातीसारखा झाला, तिनं चाखून बघितलं आणि डोळे मिटले. दुसरा केकचा थर. द्राक्षं अर्धी अर्धी कापून. सगळ्यात वर पांढरं क्रीम, सुरी पाण्यात बुडवून सपाट केलेलं. अडीच वाजता तिनं भांडं दोन्ही हातांनी उचललं आणि फ्रीजमध्ये ठेवलं.

"साडेपाचला तयार," ती म्हणाली. "ते येतात सहाला."

ती घरी जाऊन आंघोळ करून आली. आबोली रंगाची साडी नेसली होती. माझ्याकडे गजऱ्याला दोरा मागितला. साडेतीन वाजता ती आमच्या बाहेरच्या खोलीत बसून गजरा ओवत होती आणि मी खिडकीत उभी होते.

जीप चार वाजता आली. ड्रायव्हर वर आला आणि दारातूनच म्हणाला, "साहेबांना लागलंय जरा. बोलावलंय तुम्हाला."

वैजू उठली. हातातला दोरा तसाच होता. "कुठं लागलंय? किती?" मग माझ्याकडे बघून, "तुम्हाला माहीत होतं?"

"आत्ताच," मी म्हटलं. "तू आंघोळीला गेली होतीस तेव्हा फोन आला."

कराडपर्यंत माझा हात तिनं घट्ट धरला होता. इतका घट्ट की माझ्या बांगड्यांचे वळ मनगटावर उठले. उंब्रज आलं तेव्हा रस्त्याच्या कडेला ऊस पसरलेला दिसला. तिनं पाहिला. मी दुसरीकडे पाहिलं.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर जयवंतराव उभे होते. त्यांनी काही सांगायची गरज पडली नाही. श्रीरंग पावणेचारला गेला होता.

आत पडद्यामागे त्याला झोपवलं होतं. चेहऱ्यावर खरचटल्याची खूणसुद्धा नव्हती. केस कुणीतरी ओल्या हातानं नीट बसवले होते. वैजू त्याच्याजवळ गेली आणि उशिरा आलेल्या माणसासारखी नुसती उभी राहिली. रडली नाही. शालननं तिला जवळ घेतलं आणि स्वतःच मोठ्यानं रडायला लागली. रडता रडता बोलत होती. बाई वाईट नव्हती. तिला कळत नव्हतं आपण काय बोलतोय ते.

"तीनपर्यंत बोलत होते गं. सारखं एकच. वैजू आली का. मी म्हणायची, निघालीय, वाटेत आहे. तर म्हणाले, नाही येणार ती. रागावलीय माझ्यावर. तिला म्हणावं, परत नाही तसं बोलणार."

वैजूनं शालनचे हात बाजूला केले. तिच्या तोंडाकडे बघत राहिली. "मी रागावले नव्हते," ती म्हणाली. अगदी शांतपणे, समजावून सांगावं तसं. "त्यांना कुणी सांगितलं नाही का? मी रागावले नव्हते हो."

मग ती त्याच्याकडे वळली आणि तेच सांगायला लागली. पुन्हा पुन्हा. शेवटी दोन नर्सनी तिला धरून बाहेर आणलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटी साताऱ्याला परत आले. हे बँकेत गेले होते. फ्रीज उघडला. भांडं होतं तसंच होतं, वरचं क्रीम घट्ट बसलेलं, एकही तडा नाही. बाहेरून सगळे थर स्वच्छ दिसत होते. मी ते मोरीत नेऊन उलटं केलं. पडेना. पाणी घातलं, तरी पडेना. मग हातानं काढायला लागले. केक, फळं, साय, सगळं जाळीवर साचून राहिलं. मी बोटांनी दाबून दाबून ते आत ढकलत होते. किती वेळ बसले होते माहीत नाही. बेल वाजली, पण मी उठले नाही.

वैजू महिन्यानं आली. वडिलांबरोबर, खोल्या रिकाम्या करायला. तिचं माहेर तासगावकडे. टेम्पो खाली उभा होता. दोन तासांत सगळं सामान उतरलं. एवढंसंच होतं. वडील खाली दोऱ्या बांधून घेत होते, तेव्हा ती माझ्या दारात आली. आत ये म्हटलं, आली नाही.

"हेमाताई, एक विचारू?"

"विचार ना."

"शालनताई म्हणाल्या, त्यांनी पावणेदोनला फोन केला होता. आणि जयवंतभाऊजींनी बाराला."

मी दाराची चौकट धरली.

"जीप आली तेव्हा तुम्ही म्हणालात, आत्ताच आला फोन."

"वैजू, त्यांनीच मला सांगितलं होतं की तुला काही..."

"ते मला माहीत आहे. भाऊजींनी सांगितलं. ते रडले माझ्यासमोर. मी तुम्हाला तसं काही विचारत नाहीये." ती थांबली. तिचा आवाज महिन्याभरात बसून गेला होता. "पावणेदोनला आपण काय करत होतो?"

"म्हणजे?"

"मला आठवत नाही हो. मी रोज आठवायचा प्रयत्न करते. ते मला हाक मारत होते तेव्हा मी नेमकं काय करत होते? तुम्हाला माहीत असेल. तुम्ही घड्याळ बघत होतात."

मला खोटं बोलता आलं असतं. पण तेव्हा नेमकं मला खोटं सुचलं नाही.

"तू स्ट्रॉबेरी चिरत होतीस."

"आणि हसत होते?"

"हो."

तिनं मान हलवली. हव्या त्या वस्तूची पावती मिळाल्यावर माणूस हलवतो तशी. मग बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही माझ्या तोंडात मारील. मारलं असतं तर मी उपकार मानले असते.

"तुम्ही वाईट असतात ना, हेमाताई," ती म्हणाली, "तर मला सोपं गेलं असतं."

खालून वडिलांनी हाक मारली. तिनं पदर खोचला, दाराशी ठेवलेली शेवटची बादली उचलली आणि पायऱ्या उतरायला लागली. पहिलं वळण आलं. तिला असं जाऊ देणं मला शक्य नव्हतं, काहीतरी बोलायलाच हवं होतं. आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं, गावाला निघालेल्या कुणालाही म्हणते तसं, माझ्या तोंडून निघून गेलं,

"पोचलीस की कळव गं."

ती थांबली. बादलीची कडी तिच्या हातात वाजली. मला तिची पाठ तेवढी दिसत होती. मग ती खाली उतरली, आणि थोड्या वेळानं टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला.